एप्रिलचा मासा

आमच्या बायू सिप्रेवर, म्हणजे दलदलीतून समुद्राकडे जाणाऱ्या या संथ फाट्याच्या काठी, कुठली गोष्ट कुणाला विचारायची हे ठरलेलं होतं. वारा फिरणार का, हे फेर्नांच्या डाव्या गुडघ्याला. गंबोचं कालवण शिजलं का, हे माझ्या बायकोला, ओडीलला. आणि ती नाही म्हणाली की झाकणाला हात लावायचा नाही. आणि पाणी गोडं की खारं, हे नोंक डोझितेच्या जिभेला.

नोंक म्हणजे काका. डोझिते फाल्गू माझा रक्ताचा काका नव्हे. त्याला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, त्यामुळे तो कुणाचाच काका लागत नव्हता, आणि म्हणूनच सगळ्यांनी त्याला वाटून घेतलं होतं. अंगानं उन्हात वाळवलेल्या सोड्यासारखा: बाकदार, तांबूस आणि आतपर्यंत खारवलेला. मिशी मात्र कापसासारखी पांढरी. डोक्यावरची टोपी कधी निळी होती असं म्हणतात. मी पाहिली तेव्हापासून ती चिखलाच्या रंगाची आहे.

धंदा मासेमारीच्या सहलींचा. तसे आमच्याकडे होडी आणि दोन गळ असलेला प्रत्येक माणूस हाच धंदा करतो. कुणी बाहेरच्या खाडीत नेतो, कुणी वरच्या अंगाला तळ्यांत नेतो. पण एकाच दिवसात दोन्ही पाणी दाखवणारा नोंक एकटा. माझ्या दुकानाच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: "सकाळी खारं, दुपारी गोडं, गप्पा दिवसभर." दुकान माझं बर्फाचं, आमिषाचं आणि कॉफीचं. यातल्या पहिल्या दोन वस्तू मी विकतो. तिसरी लोक येऊन पिऊन जातात.

नोंकची सहल पाहण्यासारखी असे. उजाडताना 'युलाली' निघायची. हे होडीचं नाव, आणि त्याआधी त्याच्या बायकोचं. गवताच्या बेटांमधून वळणं घेत थेट खाडीच्या तोंडाशी. तिथं पाहुण्यांना ठिपकेवाले मासे लागायचे, नाहीतर तो तांबडा मासा, ज्याच्या शेपटीपाशी काळा डोळ्यासारखा डाग असतो. पाहुणे विचारायचे, हा डाग कशाला? नोंक गंभीरपणे सांगायचा, "पळताना मागून कोण येतंय ते बघायला. माझ्या सासऱ्यालाही होता."

दुपारी परत फिरायचं. बायूच्या मधोमध एक प्रचंड सिप्रेचं झाड पाण्यात उभं आहे, अंगावर शेवाळाच्या करड्या दाढ्या लोंबतायत. त्याचं नाव ग्रां-मेर, आजी. तिथं नोंक इंजिन बंद करायचा. झाडाच्या अलीकडे पाण्यात बोट बुडवायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा. मग वल्ह्यानं होडी झाडाच्या पलीकडे न्यायचा, पुन्हा बोट, पुन्हा जीभ. मग पाहुण्यांना तेच करायला लावायचा. "लागली चव? इथवर देवानं मीठ टाकलं. इथं आल्यावर त्याचा हात दुखायला लागला."

आणि त्यापुढे त्याच्या घरामागचा डोह. घर खांबांवर, खांब पाण्याच्या काठावर, आणि डोहात साकाले मासे. साकाले म्हणजे दुधाची पिशवी. मांस इतकं पांढरं आणि गोड, की पाहुण्यांना पकडायला द्यावं पण खायला देऊ नये असं मला नेहमी वाटत आलंय. डोहाच्या काठी युलालीनं लावलेलं संत्र्याचं झाड. सहल संपली की प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक संत्रं. "लान्याप," नोंक म्हणायचा. म्हणजे ठरल्यापेक्षा वरचं, मागितल्याशिवाय दिलेलं. आमच्याकडे लान्याप न देणाऱ्या दुकानदाराला लग्नाला बोलवत नाहीत.

युलाली गेली, त्यानंतरच्या मोठ्या वादळात नोंकचं छप्पर गेलं, आणि त्याची मुलगी व्हर्निस श्रीव्हपोर्टहून गाडी घेऊन आली. व्हर्निस तिथं मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे. तिला 'नाही' ऐकायची सवय नाही, आणि नोंकला 'चल' ऐकायची. आमच्याच जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसले होते.

"पापा, सामान भर."

"छपरासाठी एवढं? छप्पर परत येतं, शा." शा म्हणजे लाडके. आम्ही मुलीला, बायकोला, गाईला, सगळ्यांनाच शा म्हणतो.

"आज छप्पर गेलं. उद्या तू जाशील. अख्खी बायू समुद्रात चाललीय, तुला दिसत नाही?"

"दिसत नाही. चाखतो मी." नोंकनं चमचा खाली ठेवला. "ऐक. घरामागच्या डोहाचं पाणी ज्या दिवशी खारं होईल, त्या दिवशी मी येईन. गोड्या पाण्याशिवाय मी काय दाखवू लोकांना? पण तोवर चल म्हणायचं नाही."

"आणि खारं झालं हे कोण सांगणार?"

"मी. तू विचार, मी सांगेन."

"शब्द?"

"शब्द."

व्हर्निसनं माझ्याकडे बघितलं, मी ओडीलकडे. बायूवर नोंकच्या शब्दाला कागद लागत नसे. व्हर्निस एकटीच परत गेली. नोंकनं छप्पर घातलं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. खटल्यातला आरोपीच न्यायाधीश झालाय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी आम्ही काय केलं असतं? त्याच्यासारखी जीभ दुसऱ्या कुणाला नव्हती.

मग ते कोरडं वर्ष आलं.

आदल्या शरदातच पाऊस नीट पडला नव्हता. नदीत वरून पाणी येईना, आणि दक्षिणेचा वारा सुटला तो थांबेना. दिवस चांगले दिसायचे, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. आकाश स्वच्छ, पाणी स्वच्छ. आमचं पाणी कधी स्वच्छ नसतं. ते चहाच्या रंगाचं असतं, आणि तसंच असायला हवं. त्या वर्षी वाकून बघितलं की तळ दिसायचा, आणि तळाशी गेलेली झाडं आडवी दिसायची.

मार्चमध्ये एक दिवस फेर्नां दुकानात आला आणि त्यानं काउंटरवर एक चिंबोरी टाकली. फेर्नां कोळंबीवाला. त्याला जगात वाईट बातमी आणण्याइतका आनंद कशातच नाही. चिंबोरी निळी, मोठी आणि रागावलेली.

"कुठून?" मी विचारलं.

"माझ्या क्रॉफिशच्या सापळ्यातून. नोंकच्या डोहाच्या वरच्या अंगाला."

क्रॉफिश दिसायला शेवंडासारखा, पण गोड्या पाण्याचा. त्याच्या सापळ्यात चिंबोरी म्हणजे चर्चमध्ये पाद्र्याच्या जागी भलताच माणूस उभा दिसावा तसं. सगळ्यांनी नोंककडे बघितलं. तो कोपऱ्यात कॉफी पीत होता.

"नर आहे," नोंक म्हणाला. "नर असेच हिंडतात. फेर्नां, तूही एकदा तीन दिवस सापडला नव्हतास."

लोक हसले. पण फेर्नां हट्टी. "ते जाऊ दे. पाणी कसंय नोंक? चाखलंस?"

"पाणी?" नोंक उठला. "वरच्या अंगाला पाऊस झाला की सगळं ठीक होईल," असं म्हणून तो निघून गेला. कॉफी अर्धी तशीच.

त्यानंतर जो तो विचारू लागला. बर्फ घ्यायला आला की विचारायचा, चर्चच्या पायरीवर गाठून विचारायचा. नोंक, पाणी कसंय? नोंकला कधी गळ गुंतलेला आठवायचा, कधी इंजिनाचा आवाज बदललेला.

आणि आली एप्रिलची पहिली तारीख. आमच्याकडे त्या दिवशी ज्याला फसवतात त्याला एप्रिलचा मासा म्हणतात. मुलं कागदाचे मासे कापून मोठ्यांच्या पाठीवर चिकटवतात. आम्ही मोठे त्याहून हलकट. दरवर्षी ओडील एकाच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घालते. कुणाच्या, ते ऐनवेळी ठरतं. पहिला घोट घेऊन तो थुंकला की सगळ्यांनी ओरडायचं, "एप्रिलचा मासा!" त्या वर्षी पेला नोंकच्या पुढे गेला. दोन चमचे, तेही भरून. मी स्वतः बघितले.

नोंकनं पहिला घोट घेतला. आम्ही श्वास रोखून उभे. त्यानं दुसरा घेतला. मग तिसरा. सावकाश, नेहमीसारखा, पेल्यातल्या वाफेकडे बघत. शेवटी तळाला राहिलेली साय बोटानं पुसून चाटली, मिशी पुसली, आणि म्हणाला, "आज छान झालीय, ओडील."

फेर्नां आधी हसला. "म्हाताऱ्यानं उलटा मासा केला आपल्याला!" मग सगळेच हसले. टाळ्यासुद्धा झाल्या. नोंकनं टोपी घातली आणि दारातून बाहेर पडला.

ओडील हसली नव्हती. ती त्याचा रिकामा पेला हातात धरून उभी होती.

"आल्सिद," ती मला म्हणाली, "त्याला कळलंच नाही."

"अगं, नाटक करतोय तो."

"असली कॉफी नाटकासाठी कुणी पीत नाही. एक घोट पिईल, दोन पिईल. तळ कोण चाटतं?" तिचा आवाज खाली गेला. "त्याची जीभ गेली."

हे ऐकल्यावर जे झालं ते सांगतो. दुपारपर्यंत अख्ख्या बायूला कळलं, आणि त्या दिवसापासून एकानंही नोंकला पाण्याबद्दल विचारलं नाही. फेर्नांनंसुद्धा नाही. आंधळ्याला कुणी आरसा दाखवत नाही. आम्ही त्याच्याशी गुडघ्यांबद्दल बोलायचो, बेसबॉलबद्दल बोलायचो, मेलेल्या माणसांबद्दल बोलायचो. पाणी हा शब्द आला की खोकायचो. तो टोपीतला एकटा म्हातारा आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती खोकणारे. त्या उन्हाळ्यात परक्या माणसाला वाटलं असतं, या गावात साथ आलीय.

उन्हाळा तर असा, की तसा मी पाहिला नव्हता. पेलिकन हे समुद्राचे पक्षी. ते येऊन नोंकच्या धक्क्यावर ओळीनं बसू लागले, वारसदारांसारखे. ग्रां-मेरचा शेंडा जुलैत तांबडा पडला. सिप्रेची पानं तांबडी पडून गळतात, पण थंडीच्या तोंडावर. युलालीच्या संत्र्याच्या पानांच्या कडा करपल्या, जणू कुणी प्रत्येक पान वेगळं धरून मेणबत्तीवर फिरवलंय. आणि संध्याकाळी बेडूक ओरडेनासे झाले. आमच्याकडे बेडकांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं; आम्ही सगळे त्यामुळेच मोठ्यानं बोलतो. त्या उन्हाळ्यात आपलाच आवाज ऐकून माणसं दचकायची.

बेडूक उरले ते फक्त नोंकच्या टाकीत. त्याच्या घराला सिप्रेच्या फळ्यांची जुनी टाकी आहे, छपरावरचं पावसाचं पाणी तिच्यात साठतं. आम्ही सगळ्यांनी नळ घेतले तेव्हा त्यानं घेतला नाही. आम्ही त्याला चिडवायचो.

"नोंक, त्या टाकीत बेडूक आहेत."

"आहेत ना. तुमच्या नळात आहेत का एकतरी?"

आमच्या नळाचं पाणी वरच्या अंगाहून, नदीतूनच यायचं. नक्की कुठून, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. नळ सोडला की पाणी येतं, हेच ज्ञान पुरेसं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानातली बिअर कधी नव्हती इतकी खपली. उकाडा फार, सारखी तहान लागते, असं जो तो म्हणायचा. ओडीलचे जिरेनियम रोज पाणी घालूनही वाळले. ती म्हणाली, ऊन. राजमा शिजायला वेळ लागू लागला. ती म्हणाली, दुकानदारानं जुना दिला. तो दुकानदार तिचा भाऊ, त्यामुळे पटलं.

ऑगस्टमध्ये मी नोंकच्या धक्क्याला होडी बांधत होतो, तेव्हा खांबाला हात लागला आणि बोट कापलं. वाकून बघितलं. पाण्याच्या रेघेखाली खांबाला नखाएवढी कालवं लागली होती. शेकड्यांनी.

मी तिथंच बसलो. मासा वाट चुकून येतो, चिंबोरी हिंडत येते, हे सगळं चालतं. पण कालव हिंडत नाही. ते एकदा चिकटलं की तिथंच जन्म काढतं, आणि गोड्या पाण्यात काढत नाही. मी वर बघितलं. नोंक वर ओसरीवर जाळं शिवत बसला होता, शीळ घालत.

घरी येऊन ओडीलला सांगितलं. ती म्हणाली, "कुणी बघायच्या आत खरवडून टाक. व्हर्निसच्या कानावर गेलं तर ती त्याला खुर्चीसकट उचलून नेईल."

दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन गेलो, तर खांब स्वच्छ. मी समजलो, ओडीलनं काम उरकलं, बाई धीराची. दोन आठवड्यांनी पुन्हा उगवली होती, पुन्हा मी जायच्या आत साफ. मी तिला काही बोललो नाही. ती मला काही बोलली नाही. संसारात काही गोष्टी न बोलता केलेल्या बऱ्या, असं मनात म्हणून मी तिच्यासाठी हॅट आणली.

ऑक्टोबरात नोंकला एक शेवटची सहल मिळाली. कॅन्ससची दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा. ओडीलनं मला सोबत पाठवलं. "तो चाखायला थांबला तर तू काहीतरी बोल," ती म्हणाली. "काय बोलू?" "खोक."

सकाळी खाडीत मासे उत्तम लागले. नवऱ्यानं एवढा मोठा तांबडा मासा काढला, की तो त्या माशाला सारखा 'सर' म्हणत होता. दुपारी ग्रां-मेरपाशी नोंकनं इंजिन बंद केलं. झाडाच्या दाढ्या हलत नव्हत्या. पाणी काचेसारखं. मी खोकलो. नोंकनं ऐकलं नाही. झाडाच्या अलीकडे बोट बुडवून जिभेवर ठेवलं, पलीकडे जाऊन पुन्हा ठेवलं. त्याचं बघून पाहुण्यांनीही बोटं चाखली. आणि या खेपेला देवाच्या दुखऱ्या हाताची गोष्ट सांगितलीच नाही. नुसता बघत राहिला.

मग डोहात गळ टाकले. बाईंच्या गळाला काहीतरी लागलं. वर आलं ते साकाले नव्हतं. पाठीवर ठिपके. सकाळी खाडीच्या तोंडाशी काढले होते तसलाच, त्यांचाच भाऊ. युलालीच्या झाडाखाली.

"हा तर सकाळचाच मासा!" नवरा म्हणाला.

मी इतका खोकलो की बाईंनी मला पाठीवर थापटलं. नोंकनं मासा हळूच सोडवला, ओल्या हातात धरला आणि पाण्यात सोडून दिला. बाईंनी मघासारखंच बोट पाण्यात घातलं आणि चाखलं.

"इथलंही खारट आहे की," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता संपलं. नोंकनं त्यांच्याकडे नीट बघितलं. रागानं नव्हे. वाटेत अचानक गाववाला भेटावा तसं.

"बाई, तुमची जीभ चांगली आहे," तो म्हणाला. "जपा."

सहल संपल्यावर त्यानं झाडाकडे बघितलं. झाडावर संत्री होती, गोटीएवढी, सुरकुतलेली. त्यानं एकही तोडलं नाही. मी दुकानातून चॉकलेटं आणून पाहुण्यांच्या हातात ठेवली. लान्याप दिल्याशिवाय नोंकचा पाहुणा परत गेला, असं बायूवर कधी झालं नव्हतं. मला त्याची कीव आली. बिचारा, दातांच्या डॉक्टरणीकडून ऐकून घ्यावं लागलं त्याला.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आम्ही आपापल्या माणसांच्या थडग्यांना चुना लावतो. थडगी जमिनीच्या वर बांधलेली; खाली पुरलेलं आमच्याकडे खाली राहत नाही. व्हर्निस दरवर्षी येते. यंदाही आली. बापलेकीनं मिळून युलालीचं थडगं रंगवलं, मी डबा धरला. खालच्या पायरीला चुना बसेना. लावला की ओला होऊन सुटायचा. पायरी कोरडी दिसत होती. व्हर्निसनं हात लावून बघितला, बोटं एकमेकांवर चोळली, आणि वर बायूकडे बघितलं. तिचं ते बघणं मला आवडलं नाही.

जेवायला सगळे आमच्याकडे. नोंक, व्हर्निस, आणि फेर्नां, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि ज्याची खुर्ची तरीही ठरलेली असते. स्वयंपाकघरात ओडीलनं आम्हा दोघांना तंबी दिली, "पाण्याचा विषय निघू द्यायचा नाही. निघाला तर फेर्नां, तू तुझ्या शस्त्रक्रियेचं सांग."

"जेवताना?"

"म्हणूनच."

गंबो आला. सकाळपासून रटरटत होता. घरभर वास. व्हर्निसनं घास घेतला, क्षणभर थांबली, मग गिळला. नोंक ताटलीकडे बघत बसला होता, चमचा हातात.

"यंदा कोरडं फार," व्हर्निस म्हणाली.

"डॉक्टरनं मला इथून इथवर फाडलं," फेर्नां म्हणाला.

"ग्रां-मेर वाळलीय, येताना पाहिली."

"आणि आत बघतो तर काय..."

"फेर्नां, गप्प बस." व्हर्निसनं चमचा खाली ठेवला. तिच्या आवाजात इस्पितळ होतं. "पापा, मी तुला सरळ विचारते. डोहाचं पाणी कसंय?"

ओडीलच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. मी खोकायला तोंड उघडलं, आणि खोकला आलाच नाही. नोंकनं आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मग गंबोचा चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, जसे तो ग्रां-मेरखाली मिटायचा.

"ओडील, शा," तो म्हणाला, "गंबोत मीठ जास्त झालंय."



"तुला..." ओडील टेबलाशी आली. "तुला लागतंय?"

"एप्रिलमध्ये कॉफीत दोन चमचे होतं. भरून." त्यानं मिशी पुसली. "त्या रात्री घरी जाऊन बादलीभर पाणी प्यालो."

"मग पेला का संपवलास, मेल्या?" फेर्नां ओरडला.

"तुम्ही विचारायचं थांबावं म्हणून. थांबलात ना? विचारलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. शब्द होता." त्यानं लेकीकडे बघितलं. "खारंय, शा. फेब्रुवारीपासून. कालवं धरलीत खांबांना. मी खरवडतो, ती परत येतात."

मी ओडीलकडे बघितलं, ती माझ्याकडे. हॅट खुंटीवर होती.

खरं तर या वेळी सगळ्यांनी ओरडायला हवं होतं. अख्ख्या बायूला मासा केला होता त्यानं, सात महिने. फेर्नांनं तोंड उघडलंही. पण ओडील मध्येच म्हणाली, बारीक आवाजात, जणू चोरी तिची पकडली गेलीय:

"पण मी मीठ नेहमीइतकंच घातलंय."

"मला तर बरोबर लागतंय," मी म्हणालो. खरंच लागत होतं. मी दोनदा वाढून घेतलं होतं.

"मलाही," फेर्नां म्हणाला.

"खारट आहे," व्हर्निस म्हणाली. "पहिल्या घासालाच कळलं. मला वाटलं, पाहुणी आहे, बोलू नये."

नोंक उठला. आमच्या नळाखाली पेला धरला, भरला आणि लेकीच्या पुढे ठेवला. व्हर्निसनं एक घोट घेतला. तोंडातला तसाच धरून ठेवला, मग पेल्यात परत सोडला. ती आमच्याकडे बघत होती. इस्पितळात ती माणसांकडे असंच बघत असेल, तपासणीचं उत्तर आल्यावर.

"तुम्ही हे पिता?"

ओडीलनं दुसरा पेला भरला आणि प्यायली. पुन्हा प्यायली. मग माझ्या हातात दिला. मी जिभेवर घोळवलं, टाळ्याला लावलं, डोळे मिटून बघितले. पाण्यासारखं पाणी. मला त्यात काहीच सापडलं नाही.

"हळूहळू चढलं ते," नोंक म्हणाला. "रोज थोडं. तुमच्या लक्षात यायचं कारण नाही. मी टाकीचं पितो म्हणून." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "मला वाटलं होतं, माझ्या डोहाशी थांबेल. म्हणजे मी गेलो की झालं."

तो खुर्चीत बसला आणि उरलेला गंबो त्यानं मुकाट्यानं संपवला, शेवटच्या थेंबापर्यंत, एप्रिलमधल्या कॉफीसारखाच. व्हर्निस त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. आपण जिंकलो हे तिला कळलं होतं. पण ती सारखी बघत होती ओडीलकडे.

"उद्या निघू," नोंक तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आल्सिद, टाकीत अजून कमरेएवढं पाणी आहे. जपून वापरलंत तर पाऊस येईपर्यंत पुरेल. बेडकांसकट ठेवून जातो."

"नोंक, अरे..."

"लान्याप," तो म्हणाला.

ओडील नळ बंद करायला गेली. तिनं दोन्ही हातांनी पिळला तरी तो ठिबकतच राहिला. मी वसंतापासून त्याचा वॉशर बदलतो म्हणत होतो. थेंब पडायचा तिथं बेसिनवर एक पांढरी रेघ धरली होती. रोज सकाळी तोंड धुताना मी ती बघायचो. मला वाटायचं, साबण आहे.